टॉवरच्या आर्थिंगसाठी टेस्टर घेताना: लोहार चाळीतली खरेदी आणि लाईनवरचा वापर

टॉवरलाईनचं आर्थिंग, म्हणजे टॉवर जमिनीला किती नीट जोडलेला आहे ते, मोजायचं असेल तर नुसता क्लॅम्प टेस्टर घेऊ नका. हे आधीच सांगते, कारण दुकानात गेलात की पहिल्यांदा तोच पुढे ठेवतात. खुंट्या ठोकायच्या नाहीत, वायरी पसरायच्या नाहीत. जबडा उघडला, जमिनीत उतरणाऱ्या आर्थिंगच्या पट्टीला अडकवला, आकडा आला. विकणाऱ्याला सोपं आणि मोजणाऱ्यालाही. पण जाळीदार टॉवरवर तो आकडा बहुतेक वेळा त्या टॉवरच्या आर्थिंगचा नसतो, आणि कागदावर मात्र तो झकास दिसतो. मला याची मनापासून चीड आहे. म्हणून एवढं सविस्तर लिहिते आहे.

भांडुपला आमची लहानशी लायसन्सवाली इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर फर्म आहे. ठाणे, कळवा, कल्याण या पट्ट्यातल्या ओव्हरहेड लाईन्सची मान्सूनपूर्व तपासणी हे आमचं मुख्य काम. २२ आणि ३३ केव्हीचे पोल, डीपी (दोन खांबांचं) स्ट्रक्चर आणि अधूनमधून १३२, २२० केव्हीचे टॉवर. मोजणीचं खातं माझ्याकडे आहे, त्यामुळे कुठलं उपकरण घ्यायचं हेही मीच ठरवते. मुंबईत केबलचं जाळं जमिनीखालून गेलंय म्हणून ओव्हरहेड लाईन हा खेड्यापाड्यातला विषय, असं बऱ्याच जणांना वाटतं. खोपोलीची वीज १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांपर्यंत आली ती टॉवरवरूनच, आणि आजही शहराला बाहेरून येणाऱ्या विजेचा मोठा भाग डोंगर, खाडी आणि मिठागरं ओलांडत टॉवरवरूनच येतो.

आपल्याकडच्या टॉवरलाईनच्या कामात फूटिंग रेझिस्टन्स (टॉवरच्या पायातून जमिनीत जाणाऱ्या करंटला होणारा अडथळा) १० ओहमच्या आत असावा अशी अट असते. ती कुठून येते हे कळलं की टेस्टर निवडणं सोपं जातं. आकाशातली वीज टॉवरच्या डोक्यावरच्या अर्थवायरवर पडली की तिचा बराचसा करंट टॉवरमधून जमिनीत उतरतो. साधा हिशेब करा. ४० किलोअँपिअर करंट १० ओहमच्या आर्थिंगमधून उतरला तर टॉवरचा लोखंडी सांगाडा ४०० केव्हीपर्यंत चढतो. आर्थिंग २० ओहमचं असेल तर ८०० केव्ही. १३२ केव्ही सिस्टिमचं इन्सुलेशन साधारण ६५० केव्हीचा इम्पल्स (क्षणिक झटका) सोसण्याच्या हिशेबाने बांधलेलं असतं. म्हणजे पहिल्या टॉवरवर काही होत नाही. दुसऱ्यावर मात्र सांगाड्याकडून कंडक्टरकडे उलटी ठिणगी उडते, इन्सुलेटरच्या डिस्क भाजतात आणि लाईन ट्रिप होते. प्रत्यक्षात करंटची वाटणी, टॉवरची उंची, विजेच्या झटक्याचा चढ असं बरंच काही त्यात येतं. पण १० आणि २० ओहममधला फरक किती मोठा आहे ते एवढ्या हिशेबातही दिसतं.

आता मोजणीतली खरी अडचण. टॉवर एकटा नसतो. डोक्यावरची अर्थवायर त्याला पुढच्या-मागच्या सगळ्या टॉवरांशी बांधून ठेवते. ती जोडलेली असताना साधा तीन खुंट्यांचा टेस्टर (लांबच्या खुंटीतून करंट सोडून मधल्या खुंटीशी व्होल्टेज मोजणारा) लावला, तर तो हा टॉवर आणि बाकी सगळी लाईन यांचं समांतर जोडणीतलं मूल्य दाखवतो. टॉवरचं स्वतःचं आर्थिंग १८ ओहम आहे आणि अर्थवायरमार्गे दिसणारी उरलेली लाईन २ ओहम आहे असं धरा. टेस्टर दाखवेल १.८. दहाच्या आत म्हणून टॉवर पास, आणि जूनच्या पहिल्या गडगडाटात तीच लाईन ट्रिप.

अर्थवायर सोडून मोजणं हा जुना आणि बिनचूक उपाय. त्यासाठी शटडाउन लागतो, परमिट लागतं, माणूस वर चढवावा लागतो आणि मोजून झाल्यावर जंपर (अर्थवायरच्या जोडणीचा तुकडा) पुन्हा नीट कसला की नाही ते पाहावं लागतं. शहराला वीज पुरवणाऱ्या लाईनचा शटडाउन मे महिन्यात मिळवून बघा म्हणजे कळेल. चालू लाईनवर अर्थवायरला किंवा आर्थिंगच्या जोडणीला हात लावायचाच नाही, हे वेगळं सांगायची गरज नसावी, तरी सांगते. तुटलेल्या जोडणीच्या दोन टोकांमध्ये किती व्होल्टेज उभं राहील याचा भरवसा नसतो.

म्हणून टॉवरसाठी टेस्टर निवडताना माझा पहिला प्रश्न एकच असतो. अर्थवायर न सोडता, फक्त या टॉवरच्या पायातून जमिनीत जाणारा करंट हे उपकरण वेगळा काढू शकतं का? रेंज किती, डिस्प्ले केवढा, ब्लूटूथ आहे का, हे सगळं त्यानंतर.

क्लॅम्प टेस्टरवर मी सरसकट फुली मारत नाही. आमच्याकडे तो आहे आणि रोज वापरात आहे. त्याची रीत अशी: जबड्यातली एक कॉइल आर्थिंगच्या वायरमध्ये थोडं व्होल्टेज निर्माण करते, दुसरी त्यामुळे वाहणारा करंट मोजते, आणि भागाकार करून पूर्ण फेऱ्याचा रेझिस्टन्स मिळतो. फेरा म्हणजे हे आर्थिंग अधिक बाकीची सगळी समांतर आर्थिंग्ज. २२ केव्हीच्या लाईनवर, जिथे पोलवरून एकच अर्थिंगची तार खाली येते आणि वर सलग अर्थवायर असते, तिथे हे छान चालतं. पोलचं आर्थिंग १२ ओहम, बाकीच्यांचं मिळून १ ओहम, तर टेस्टर १३ दाखवतो. चूक आहे, पण सुरक्षित बाजूची. सलग अर्थवायर दर किलोमीटरला साधारण तीन ठिकाणी जमिनीला जोडायची असा आपल्याकडचा नियम आहे. त्या तीन जागा भराभर तपासायला क्लॅम्पइतकं सोयीचं दुसरं काही नाही. शिवाय चांगले क्लॅम्प टेस्टर त्या तारेतून वाहणारा गळतीचा करंटही दाखवतात. तारेला हात लावण्याआधी तो आकडा बघायचा, हा आमच्या गँगचा नियम आहे. आकडा जास्त असेल तर आधी त्याचं कारण शोधायचं, मोजणी नंतर.

एकट्या आर्थिंगला, म्हणजे सलग अर्थवायर नसलेल्या डीपीला किंवा नव्याने पुरलेल्या सुट्या पाईपला, क्लॅम्पचा उपयोग नाही. फेराच पूर्ण होत नाही.

आणि टॉवरवर तर गोष्टच निराळी. चार पाय, चारही वर लोखंडाने एकमेकांना जोडलेले, आणि प्रत्येक पायाचा लोखंडी स्टब काँक्रीटमधून जमिनीत उतरलेला. एका पायाच्या आर्थिंग पट्टीला जबडा लावला की करंट त्या पट्टीतून पाईपमध्ये, तिथून हातभर मातीतून त्याच टॉवरच्या स्टबमध्ये आणि स्टबमधून परत वर येतो. म्हणजे टॉवर स्वतःशीच बोलतोय. चारही पायांच्या पट्ट्या जमिनीखाली एकमेकींना जोडलेल्या असतील तर फेरा पूर्ण धातूचाच होतो आणि ०.१ ओहमपेक्षाही कमी रीडिंग येतं. आमच्याकडे नव्याने लागलेल्या एका मुलाने असाच आकडा मोठ्या आनंदाने वाचून दाखवला. आमच्या गँगचे मुकादम काका शांतपणे म्हणाले, "अरे बाळा, मुरमाच्या टेकाडावर शून्य पॉइंट शून्य सात? इथं खड्डा खणताना पहार वाकली होती." जमिनीची अशी ओळख असलेला माणूस गँगमध्ये असणं हा कुठल्याही उपकरणाच्या वरचा आधार आहे.

आता तीन खुंट्यांचे टेस्टर. आपल्याकडे सर्वात जास्त दिसतो तो क्योरित्सूचा ४१०५ए. तीन रेंज आहेत, २०, २०० आणि २००० ओहम. जमिनीतलं २०० व्होल्टपर्यंतचं एसी व्होल्टेजही दाखवतो. धूळ-पाण्यापासून बचावाच्या आयपी ५४ दर्जाची बॉडी, साधे पेन्सिल सेल, गळ्यात अडकवता येईल एवढा आकार. पोल, डीपी, ट्रान्सफॉर्मर सेंटर, सोसायटीचं आर्थिंग या सगळ्यासाठी माझं मत आजही याच्याच बाजूने आहे. बिघडणारं फारसं काही नाही आणि नवख्या माणसालाही चटकन शिकवता येतो. मोटवाने, मेको अशा इथल्या कंपन्यांचेही टेस्टर बाजारात आहेत. दुरुस्ती नाशिक-मुंबईतच व्हावी असं वाटत असेल तर ते जरूर पाहावेत.

पण टॉवरसाठी त्याच्या दोन मर्यादा लक्षात ठेवा. तो तीन टर्मिनलचा आहे, त्यामुळे चार खुंट्या लावून काढायची मातीची रेझिस्टिव्हिटी (माती स्वतः करंटला किती अडवते ते) त्यावर निघत नाही, आणि सिलेक्टिव्ह मोजणीची, म्हणजे एकाच पायातला करंट वेगळा काढणारी, क्लॅम्पही त्याला लागत नाही. म्हणजे अर्थवायर सोडलेली असेल तरच टॉवरवर त्याचा आकडा धरायचा. दुसरी मर्यादा पेटीतल्या वायरींची. लाल २० मीटर, पिवळी १० मीटर, हिरवी ५ मीटर. घराच्या एका पाईपसाठी एवढं पुरतं. टॉवरच्या पायांमधलं कर्णाचं अंतरच सात-आठ मीटर असतं. त्याच्यापासून २० मीटरवर करंटची खुंटी ठोकली तर तिचा आणि टॉवरचा प्रभाव जमिनीत एकमेकांवर चढतो आणि मधली खुंटी कुठेही ठोका, आकडा स्थिर राहतो असा खरा सपाट भाग सापडत नाही. आम्ही करंटची खुंटी निदान ५० मीटरवर नेतो, जागा मिळाली तर त्याहून लांब. मधली खुंटी त्या अंतराच्या ६२ टक्क्यांवर, म्हणजे ५० ला ३१ मीटरवर. मग ती तीन-तीन मीटर पुढेमागे सरकवून पुन्हा वाचायचं. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे आले तरच रीडिंग धरायचं, नाहीतर लाल वायर आणखी लांब न्यायची. एकच आकडा लिहिलेला रिपोर्ट माझ्यासमोर आला तर मी सही करत नाही.

वायरी लाईनला समांतर पसरू नका, काटकोनात न्या. चालू लाईनखाली समांतर पसरलेल्या लांब वायरीत व्होल्टेज चढतं आणि आकडा नाचायला लागतो. इथेच टेस्टरची फ्रिक्वेन्सी महत्त्वाची ठरते. वरच्या श्रेणीतले टेस्टर ९४, १०५, १११, १२८ हर्ट्झ अशा फ्रिक्वेन्सीवर मोजतात. यातली एकही ५० च्या पटीत बसत नाही, म्हणून लाईनचा ५० हर्ट्झ आणि त्याचे हार्मोनिक्स गाळून टाकता येतात. घेताना फ्रिक्वेन्सी बदलता येते का हे विचाराच. दोन चालू सर्किट डोक्यावर असतील तेव्हा या सोयीची किंमत कळते.

सगळ्या बाजूंनी पाहून आम्ही शेवटी फ्लूकचा १६२५-२ घेतला, सोबत ३२० मिलिमीटरची मोठी उघडणारी क्लॅम्प. चार टर्मिनल, वर सांगितलेल्या फ्रिक्वेन्सी, आयपी ५६ दर्जा. अर्थवायर तशीच ठेवून एकेका पायातून जमिनीत जाणारा करंट ही क्लॅम्प वेगळा मोजते. मेगरच्या डीईटी४ मालिकेतही सिलेक्टिव्ह मोजणीची क्लॅम्प मिळते आणि ते टेस्टर उत्तमच आहेत. पण ती क्लॅम्प अर्थिंगच्या तारेसाठी किंवा पट्टीसाठी आहे, टॉवरच्या पायाला वळसा घालण्याएवढी मोठी नाही. आमचं टॉवरचं काम वाढत होतं म्हणून मोठ्या क्लॅम्पकडे वळलो.

ती लावायची कशी ते नीट सांगते, कारण गडबड इथेच होते. पायाच्या कोनाला वरून खाली बघत या. सर्वात वर टेस्टरची क्रोकोडाईल क्लिप. तिच्या खाली मोठी क्लॅम्प, पूर्ण पायाला वळसा घालून. तिच्या खाली आर्थिंग पट्टीचा बोल्ट. आणि त्याखाली कोपिंग, म्हणजे पायाभोवतीचा काँक्रीटचा चबुतरा. क्लॅम्प पट्टीच्या बोल्टखाली गेली तर पट्टीतून उतरणारा करंट मोजलाच जात नाही आणि आर्थिंग आहे त्यापेक्षा वाईट दिसतं. क्लिप क्लॅम्पच्या खाली लावली तर मोजणीला अर्थच राहत नाही. क्लिप लावायची ती जागा कानशीने हलकेच घासून चकचकीत करा, पण गॅल्व्हनायझिंग खरवडून काढू नका. झाल्यावर तिथे झिंक पेंटचा एक हात द्या. जबड्याची दोन्ही तोंडं कोरड्या फडक्याने पुसून मगच बंद करा. त्यांच्यामध्ये मातीचा कण जरी अडकला तरी आकडा बिघडतो.

चारही पाय एकेक करून मोजायचे. खुंट्या जागच्या जागी ठेवायच्या, फक्त क्लॅम्प आणि क्लिप फिरवायची. समजा आले ४०, ४४, ५० आणि ३६ ओहम. यांची सरासरी काढायची नाही. प्रत्येकाचा व्यस्त घेऊन बेरीज करायची आणि बेरजेचा पुन्हा व्यस्त. उत्तर येतं साधारण १०.५ ओहम. म्हणजे हा टॉवर थोडक्यात नापास आहे, आणि ५० ओहमवाल्या पायापासून सुधारणा सुरू करायची हेही त्याच मोजणीत कळलं. एकूण एकच आकडा देणाऱ्या पद्धतीत हे दिसत नाही, म्हणून मला चार वेळा वाकण्याचं काही वाटत नाही.

ज्यांच्याकडे रोजचंच टॉवरचं काम आहे त्यांनी शोव्हाँ आर्नूचा सीए ६४७२ आणि त्याला जोडायचा सीए ६४७४ हा खास टॉवरचा अडॅप्टर पाहावा. यात चार लवचिक कॉइल असतात. चारही पायांना एकाच वेळी गुंडाळायच्या आणि एका मोजणीत सगळं निघतं. पाय कितीही जाड असो, कोपिंगचा आकार कसाही असो, पट्ट्यासारखी लवचिक कॉइल कुठेही बसते. फ्रिक्वेन्सी ४१ पासून ५०७८ हर्ट्झपर्यंत बदलता येते. त्यामुळे वरच्या फ्रिक्वेन्सीवर टॉवर कसा वागतो हेही दिसतं, आणि विजेच्या झटक्याच्या दृष्टीने ते जास्त उपयोगाचं आहे. तांत्रिकदृष्ट्या टॉवरसाठी मी पाहिलेला हा सर्वात नीट विचार केलेला संच आहे. किंमत आमच्या आवाक्याबाहेरची, म्हणून नाही घेतला.

२५ किलोहर्ट्झवर मोजणारे टेस्टरही मिळतात. त्यांची कल्पना सुरेख आहे. १२८ हर्ट्झला ३०० मीटरच्या स्पॅनमधली (दोन टॉवरांमधल्या अंतरातली) अर्थवायर जेमतेम एखाद्या ओहमचा अडथळा करते, म्हणून करंट शेजारच्या टॉवरांकडे पळतो. २५ किलोहर्ट्झला त्याच तारेचा अडथळा हिशेबाने सत्तर-ऐंशी ओहमच्या पुढे जातो, आणि शेजारचे टॉवर बरेचसे बाजूला पडतात. क्लॅम्प नाही, शटडाउन नाही. मात्र अर्थवायर पूर्ण तुटल्यासारखी होत नाही, आणि स्पॅन लहान असतील तर चूक वाढते. शहरालगतच्या लाईनवर स्पॅन लहान पडतात, म्हणून आम्ही तिकडे गेलो नाही.

खरेदी लोहार चाळीत, मुंबईतल्या विजेच्या सामानाच्या बाजारात केली. क्रॉफर्ड मार्केटकडून आत शिरलात की हातगाड्या, केबलची ड्रम, स्विचगिअरचे खोके यांतून वाट काढत जावं लागतं. टेस्टर ठेवणारी दुकानं तळमजल्यावर कमी, जिन्याने वर गेलात की जास्त. सकाळी लवकर जा. दुपारनंतर काउंटरवर उभं राहायला जागा नसते आणि पेटी उघडून दाखवायची कोणाला फुरसत नसते. आम्हाला ज्यांनी विकला ते गृहस्थ वयस्कर आहेत. त्यांनी न सांगता सगळी ॲक्सेसरी काउंटरवर मांडली, यादीशी एकेक वस्तू ताडून दाखवली आणि मोठी क्लॅम्प मूळ संचात येत नाही, वेगळी मागवावी लागते, हे बिल करायच्या आधी स्पष्ट सांगितलं. त्याआधीच्या एका दुकानात मात्र "टॉवर किट" म्हणून जे दाखवलं त्यात साधी करंट मोजायची क्लॅम्प होती. ती त्या टेस्टरला लागतच नव्हती. प्लग बसत नाही हे दाखवल्यावर "अडॅप्टर बनवून देतो" असं उत्तर मिळालं. सिलेक्टिव्ह क्लॅम्प त्या टेस्टरसोबत जुळवलेली असावी लागते, अडॅप्टर लावून भागत नाही. क्लॅम्पचा मॉडेल नंबर टेस्टरच्या मॅन्युअलमध्ये छापलेला आहे का, ते दुकानात उभं राहूनच तपासा.

जाताना खिशात १० ओहमचा १ टक्का अचूकतेचा एक रेझिस्टर न्या. लॅमिंग्टन रोडवर किरकोळ पैशात मिळतो. तीन टर्मिनलच्या टेस्टरवर पी (मधल्या खुंटीचं) आणि सी (लांबच्या खुंटीचं) ही टर्मिनल एकत्र जोडा, त्यांच्यात आणि ई (आर्थिंगच्या टर्मिनल) मध्ये तो रेझिस्टर लावा. १० च्या आसपास यायला हवं. दहा सेकंदांचं काम आहे आणि एकही प्रामाणिक दुकानदार याला नाही म्हणत नाही. क्लॅम्प टेस्टरच्या पेटीत तपासणीसाठी रेझिस्टरचं कडं येतं, ते गाळलेलं नाही ना हेही बघा. आम्ही तोच रेझिस्टर पेटीच्या झाकणात चिकटवून ठेवला आहे आणि रोज साईटवर निघण्यापूर्वी त्यावर वाचन घेऊन वहीत लिहितो.

कॅलिब्रेशनचं सर्टिफिकेट एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या लॅबचंच घ्या, आणि नुसता शिक्का पाहून थांबू नका. लॅबच्या मान्यतेच्या व्याप्तीत अर्थ टेस्टर आहे का, आणि तपासणी १ आणि १० ओहमच्या आसपास केली आहे का ते वाचा. आम्हाला एका लॅबने १०० आणि १००० ओहमवरची तपासणी करून सर्टिफिकेट दिलं होतं. दहा ओहमला पास-नापास ठरवणाऱ्याला त्याचा काय उपयोग? परत पाठवून पुन्हा करून घेतलं.

खुंट्यांबद्दल थोडं. पेटीतल्या खुंट्या मऊ मातीसाठी ठीक असतात. पारसिकच्या बाजूला किंवा येऊरकडच्या कातळावर त्या चार बोटंही जात नाहीत. तिथे आम्ही लोखंडी जाळीचे चौकोनी तुकडे नेतो. कातळावर गोणपाट अंथरायचं, मिठाच्या पाण्याने चिंब भिजवायचं, त्यावर जाळी आणि जाळीवर दगड. चांगला टेस्टर खुंटीचा स्वतःचा रेझिस्टन्स वेगळा दाखवतो. तो फार जास्त असेल तर पाणी आणखी ओता. हे पाणी फक्त मोजणीच्या खुंट्यांना. मोजायच्या आधी टॉवरच्या पायाशी पाणी ओतणारे लोक मी पाहिले आहेत, आणि तिथे मी काम थांबवते. मोजणी मेमध्ये, जमीन सर्वात कोरडी असताना करायची ती त्यासाठीच.

अशा कातळावर आकडा दहाच्या वर आला की पाईप आणि कोळसा-मीठ घालून फारसं सुधारत नाही. काउंटरपॉइज, म्हणजे प्रत्येक पायापासून बाहेरच्या दिशेने जमिनीत पुरलेली लांब जीआय तार, हाच उपाय. ती किती लांब टाकायची हे ठरवायला मातीची रेझिस्टिव्हिटी हवी आणि तिच्यासाठी चार टर्मिनल. सारख्या अंतरावर चार खुंट्या, अंतर गुणिले रीडिंग गुणिले ६.२८. तीन मीटर अंतराला ५ ओहम आलं तर ९४ ओहम-मीटर. म्हणूनही चार टर्मिनलवर पैसे घालण्याचा मला पश्चात्ताप नाही.

खाडीच्या बाजूला सगळं उलट असतं. भांडुप-मुलुंडच्या मिठागरांकडच्या खाऱ्या चिखलात आर्थिंग इतकं छान येतं की टेस्टर चुकतोय असं वाटावं. तिथला धोका आकड्यात दिसत नाही. अशाच एका टॉवरपाशी रीडिंग उत्तम होतं. मुकादम काकांनी पायाशी वीतभर माती उकरली. जमिनीच्या वर पट्टी स्वच्छ, करडी. जमिनीला टेकते तिथून खाली गंजाचे खारी बिस्किटासारखे पापुद्रे सुटत होते. अंगठ्याने दाबलं तर पापुद्रे निघून हातात आले, आणि सहा मिलिमीटरच्या पट्टीतली जेमतेम एक-दीड मिलिमीटर उरलेली. टेस्टरचे काही मिलिअँपिअर तिच्यातून मजेत जातात. विजेचा झटका किंवा फॉल्टचा करंट ती क्षणभरही सोसणार नाही. आता खाऱ्या जमिनीतल्या प्रत्येक टॉवरवर आम्ही चारही पायांशी उकरतो, पट्टीची जाडी व्हर्निअरने मोजतो आणि रिपोर्टमध्ये ओहमशेजारी लिहितो. ग्राहकाने मागितलं नसलं तरी.

तर ज्यांचं काम पोल आणि डीपीचं आहे त्यांनी ४१०५ए किंवा त्याच्या तोडीचा तीन खुंट्यांचा टेस्टर आणि एक बरा क्लॅम्प घ्यावा, आणि ५० मीटरच्या वायरी रिळावर स्वतः बनवून घ्याव्यात. टॉवर अधूनमधून करणाऱ्यांनी मोठ्या क्लॅम्पसह चार टर्मिनलचा सिलेक्टिव्ह टेस्टर. रोज टॉवर करणाऱ्यांनी चार कॉइलचा संच. वर्षातून एखादाच टॉवर असेल तर विकत घेऊच नका, मोजणी बाहेरून करून घ्या, फक्त मधली खुंटी सरकवून घेतलेली तिन्ही वाचनं रिपोर्टमध्ये मागा.

मागवायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत मागवा. मोठी क्लॅम्प बहुधा दुकानात तयार नसते, बाहेरून यायला वेळ लागतो. एप्रिलपासून कॅलिब्रेशन लॅबमध्ये सगळ्याच कॉन्ट्रॅक्टरांची गर्दी उसळते, आणि टेस्टर हातात येईपर्यंत मे अर्धा सरलेला असतो.